पाठीवरचं पिवळं कडं

चहाचा ग्लास उचलला आणि टेबलावर ओलं कडं राहिलं. एवढंच झालं. सुरतेतल्या आमच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये साडीच्या पेट्यांचे ढीग, डिंकाचा आंबूस वास, पंख्यांची घरघर, आणि माझ्यासमोर पत्र्याच्या टेबलावर ते ओलं, चकाकणारं कडं. बघता बघता ते एका बाजूनं वाळत गेलं, तिथं फट पडली, आणि माझा हात थांबला. शेजारची बाई हिंदीत म्हणाली, पेटी पुढं ढकल. मी ढकलली. पण त्या दुपारी माझ्या हातनं बरीच लेबलं वाकडी लागली.

कारखान्यामागच्या गल्लीत एका खोलीत रविवारी डिझाइनचा वर्ग भरतो. कामगारांसाठीच आहे. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसते. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा कुणी दाखला मागितलाच तर पटकन उठून जाता यावं, एवढाच त्यात विचार. मॅडम गुजराती आहेत, हिंदीत शिकवतात, मी मनातल्या मनात मराठी करून घेते. त्यांनी आजवर दाखला मागितला नाही. उलट एकदा माझ्या खुर्चीपाशी येऊन त्यांनी माझं चित्र उचललं आणि सगळ्यांना दाखवलं. त्या उपकाराचं काय करावं मला अजून कळलेलं नाही. नुसतं छातीशी धरून बसावं असं वाटतं.

काळ्यावर पिवळं उठून दिसतं, हा कॉन्ट्रास्ट. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आली की सगळं मिळून एक वाटतं, हे रिपिटिशन. जवळ जवळ असलेल्या वस्तू एका घरच्या दिसतात. अर्धवट राहिलेला आकार डोळा आपला आपण पुरा करतो. हे सगळं मॅडमनी शिकवलं आणि मग सांगितलं, रोजच्या बघण्यातली एक गोष्ट आणा, जिथं डोळा थांबतो. तो का थांबतो ते उभं राहून सांगा.

तेव्हापासून मला चैन पडेना. दुधाची पिशवी, गोळ्यांची पट्टी, रिक्षाच्या पाठीवरची अक्षरं, बंद दुकानांची शटरं, सगळ्यांकडं मी टक लावून बघायला लागले. खोलीतल्या पोरी म्हणायच्या, ही भिंतींशी बोलती. खोलीत आम्ही चौघी, चार मुलखांतल्या. दिवसभर हिंदी बोलून संध्याकाळी जीभ दुसऱ्या कुणाची असावी तशी जड होते. ज्याच्याशी ‘लई’ म्हणून बोलावं असं माणूस तिथं एकही नाही.

आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णांजवळ, आमच्या वडलांजवळ, राहणारा. तो फोनवर कधी फार बोलत नाही.

“अण्णा मेंढरं देऊन टाकायलेत,” तो म्हणाला. “मुरुमच्या तळावरनंच. यायचं तर ये.”

मॅडमना मी सांगितलं, एक फोटो काढायला गावाकडं जाते. ते खोटं नव्हतं. पण खरं भ्या वेगळंच होतं. ईट गावाच्या पलीकडं आमची एक खोली आहे, पत्र्याच्या दाराची. वर्षातले चार महिने उघडी, बाकी कुलूप. तिला आम्ही कधी घर म्हटलं नाही. आमचं घर चालतं होतं. त्याला लोकर होती, शिंगं होती, त्याचा वास यायचा. सुरतेत कुणी विचारलं, घर कहाँ है, की माझ्या डोळ्यांपुढं काळ्या पाठींचा घोळका यायचा. तो विकला गेला तर माघारी जायचं कुठं? अण्णांच्या मनात तरी माझी जागा राहील का? मी कळप सोडून गेलेली. सोलापूर येईपर्यंत गाडीत हेच डोक्यात फिरत होतं.

उमरग्याच्या एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. हायवेवर ट्रकांची रांग. नळदुर्ग मागं पडलं तशी जमीन काळी होत गेली आणि तुरीच्या शेंगांचा कोवळा, हिरवट वास आत आला. मी डोळे मिटले.

दिवाळी सरली की आम्ही ईटच्या माळावरनं उतरायचो. पुढं घोडं, त्याच्या पाठीवर घोंगड्या, भांडी, कोंबड्यांची पाटी आणि कधी कधी मी. जिल्ह्याच्या ह्या टोकावरनं त्या टोकाला, चालत, मुक्काम करत. मुरुमच्या बाजूला काळं रान. तिथले शेतकरी वाट बघायचे, मेंढरं शेतात बसवली की लेंडीचं खत होतं म्हणून. वाघूर म्हणजे आमची मोठी जाळी. ती खुंट्यांना ताणली की मेंढरांची खोली तयार. सकाळी त्या जाळीवर दव असायचं. हुलग्याचं माडगं चुलीवर रटरटायचं, त्याचा मातकट, उबदार वास आणि ओल्या लोकरीचा वास एकमेकांत मिसळायचे. शहरात मी अत्तराच्या दुकानावरनं जाते, पण नाकाला तो वास लागतो तसं काही लागत नाही.

निघायच्या आधी खूण घालायचा दिवस असे. कातरणी झालेली असायची. मेंढरं उघडी-नागडी, लाजल्यासारखी उभी. मग माय तिचा पितळी ग्लास काढायची. त्या ग्लासावर एकदा घोड्याचा पाय पडला होता, काठाला एका जागी चेप आला होता. रंगात बुडवून तो पाठीवर टेकवला की कडं उमटायचं, पण चेपाच्या जागी रंग लागायचा नाही. तिथं बोटभर फट. प्रत्येक मेंढराच्या पुठ्ठ्यावर एक पिवळं कडं, थोडं उघडं राहिलेलं.

आधी आम्ही गेरू लावायचो. पण काळ्या लोकरीवर गेरू दिसतो कुठं? पाण्यात पान बुडावं तसा बुडायचा. एका पोळ्याला कुणाच्या तरी बैलांची शिंगं रंगवून पिवळं वॉर्निश उरलं, ते मायनं मागून आणलं. अण्णांना पटलं नव्हतं. ते म्हणाले, मेंढरं हायती का नवरदेव? माय हसत हसत म्हणाली, “लांबनं कळाय पायजे. जवळनं काय, कुनीबी वळखतंय.”

माझं काम कान धरायचं. गार रंग टेकला की मेंढरू अंग थरथरवायचं आणि ती थरथर माझ्या तळहातात यायची. माय एकच कडं घालायची, जास्त नाही. वॉर्निश लागलेली लोकर विणणारे घेत नाहीत. एवढ्या मोठ्या काळ्या पाठीवर एवढंसं पिवळं. शाळवाच्या रानात मेंढरं शिरली की पाठीच काय त्या दिसायच्या, आणि त्यांच्यावर ती कडी अशी हलायची की वाटायचं, कुणीतरी पिवळी फुलं पाण्यात सोडलीत.

एका साली मात्र मायनं मुरुमच्या बाजारातनं स्टीलचा नवा ग्लास घेतला. चकचकीत, गोल, कुठं चेप नाही. पुढल्या हंगामाला निघताना हौसेनं तिनं खूण त्याच ग्लासानं घातली. कडी कशी पुरी उमटली होती, साच्यातनं काढल्यासारखी. आम्ही सगळे बघत राहिलो. फार देखणी दिसत होती मेंढरं.

आणि तळ्यावर पाणी पाजताना पलीकडनं एक कळप आला. कर्नाटकातला धनगर, त्याचीही खूण कडंच, पुरं, आणि तेही पिवळं. दोन्ही कळप पाण्याला भिडले आणि एक झाले. अण्णा ओरडत होते मराठीत, तो ओरडत होता कानडीत, मेंढरं दोघांचंही ऐकत नव्हती. मग दोघं दमून बांधावर बसले आणि त्यानं अण्णांना तंबाखू दिली. अण्णा मायकडं बघून म्हणाले, “ग्लास नवा घेतलीस, आता मेंढरं बी नवी घे.” तो कानडी माणूस अर्थ न कळताच खोखो हसला.

मायनं सांगितलं ते एवढंच, की ऊन उतरेपर्यंत थांबा. दोन्ही तळांवर कोकरं जाळीत होती. दिवस कलला तशी ती भुकेनं ओरडायला लागली, इकडची इकडं, तिकडची तिकडं. तळ्यावरच्या त्या काळ्या घोळक्यात हालचाल सुरू झाली. एक मेंढी मान वर करून निघाली, मग दुसरी. दूध दाटलेल्या आया आपापल्या आवाजाकडं चालत गेल्या, आणि बघता बघता कळप मधोमध उलगडला. मागं राहिले ते नर आणि पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या मेंढ्या, त्यांच्यावर मात्र बराच वेळ वाद चालला. एक नर त्या धनगराकडं गेला तो आमचाच होता, असं अण्णा पुढं कितीतरी वर्षं म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी पितळी ग्लास पोत्यातनं पुन्हा बाहेर आला. पुऱ्या कड्याच्या शेजारी मायनं जुनं, फटीचं कडं उमटवलं. त्या हंगामभर आमची मेंढरं दोन डोळ्यांची दिसत होती, एक उघडा, एक मिटलेला.

माय गेली तो हंगाम मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की तुरी फुलल्या होत्या आणि ग्लास माझ्या हातात होता. कान आता दादा धरायचा. पुढं किती तरी साली मीच कडं घातलं. मग मी सुरतेला आले. ते कसं न् का, ते असू दे.

तळ हायवेपासून आत, एका हरभऱ्याच्या शेताला लागून होता. मी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. अण्णा उभे होते. अंगानं वाळलेले, पण पटका तसाच घट्ट. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि जेवलीस का विचारलं. मी व्हय म्हटलं. एवढंच आमचं बोलणं.

मग मी मेंढरांकडं वळले. मी गेल्यावर खूण अण्णा घालत होते. त्यांचा हात कापतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी मेंढरांच्या पाठीवर वाचलं. कुठं कडं घसरून लांब झालेलं, कुठं एकावर एक दोन बसलेली, कुठं रंगाचा नुसता फरांटा. पण जिथं कडं होतं तिथं फट होतीच. डोळा ती भरत होता आणि मला सगळी कडी पुरीच दिसत होती. मी फोन काढला. फोटो काढले. एकातही ते आलं नाही. काळा ढीग आणि पिवळे डाग, दुसऱ्याला काय कळणार.

घेणारे खाजाभाई उमरग्याचे. मेंढरांचा धंदा त्यांच्या घरात वडिलांपासनं. टेम्पो घेऊन आले होते, सोबत निळ्या रंगाचा डबा. त्यांची खूण निळी रेघ. त्यांनी मला बघितल्यावर ओळखीचं हसून म्हटलं, सुरतवाली बेटी आली का. चहा झाला. बोलणं आधीच झालेलं होतं. मग खाजाभाई उठले आणि अण्णांकडं बघत राहिले.

आमच्यात रीत आहे. जनावर विकलं तरी त्याच्यावरची खूण घेणाऱ्यानं मोडायची नाही. ज्यानं घातली त्यानंच, आपल्याच रंगानं, तिच्यावर आडवी रेघ मारायची. तोवर ते मेंढरू त्याचंच. टेम्पोत चढलं तरी त्याचंच.

“अण्णा, तुमच्या हातानं होऊ द्या,” खाजाभाई हळू म्हणाले. “माझी घाई न्हाय. संध्याकाळ झाली तरी बसतो मी.”

अण्णांनी काडीला चिंधी गुंडाळली, वॉर्निशात बुडवली. पहिलं मेंढरू दादानं पुढं आणलं. रेघ ओढली गेली, पण नागमोडी. दुसरं आणलं. तिसऱ्याला अण्णांचा हात वरच्या वर राहिला. चिंधीतनं रंगाचा थेंब त्यांच्या धोतरावर पडला, मग आणखी एक. मला वाटलं हात कापतोय म्हणून थांबलेत. तसं नव्हतं.

त्यांनी काडी माझ्यापुढं धरली. “तुझ्या मायची खून हाय,” ते म्हणाले. “माझ्यानं मोडवत न्हाय. तू मोड, बाई.”

मी म्हणू शकले असते, माझ्यानंही नाही. पण ते माझ्याकडं बघत नव्हते, हरभऱ्याकडं बघत होते, आणि तो हात तसाच पुढं होता. मी काडी घेतली.

रेघ सोपी असते. कड्याच्या एका बाजूला टेकवायची आणि दुसऱ्या बाजूला उचलायची. दादा एकेक मेंढरू आणत होता, खाजाभाई ते पुढं घेत होते. हाताखाली लोकर ऊनऊन होती. प्रत्येकीच्या अंगात तीच जुनी थरथर. काही वेळानं मी वर बघितलं तर टेम्पोपाशी मोडलेल्या खुणांचा कळप उभा होता. गोल आणि त्यात आडवी रेघ. हायवेवर पाटी असते ना, इथं थांबू नका, इथून जाऊ नका, तसं प्रत्येकीच्या पाठीवर लिहिल्यासारखं. एका रेघेनं ‘आमचं’चं ‘नाही’ होतं. हे कोणत्याही वर्गात आधी सांगितलं असतं तरी मला समजलं नसतं.

मी रेघा सरळ मारल्या. एकही वाकडी होऊ दिली नाही. दुसरं काय करणार होते.

टेम्पो गेला तेव्हा तळावर वाघूर राहिली, मधोमध लेंडीनं काळी झालेली जागा, आणि शांतता. इतकी की हरभऱ्यातला किडा ऐकू यावा. कुत्रं टेम्पोमागं धावत गेलं आणि बराच वेळ आलं नाही. अण्णा वाघूर गुंडाळायला लागले. मी दुसरं टोक धरलं. जाळीला अडकलेली लोकर ते वेचून वेचून खिशात घालत होते, त्याचं काय करणार होते कुणास ठाऊक.

वर्गात मी उभी राहिले तो रविवार नुकताच झाला. फोटो दाखवला नाही. फळ्यावर खडूनं फटीचं कडं काढलं आणि सांगितलं, ही आमच्या मेंढरांची खूण. काळ्यावर पिवळं का, ते सांगितलं. नवा ग्लास आणि तळ्यावरचा गोंधळ सांगितला, तेव्हा पोरी हसल्या. मॅडमनी विचारलं, ही कुणी बनवली. मी म्हटलं, मेरी माँ ने. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या महिन्यापासून कारखान्यातल्या लेबलांच्या डिझाइनच्या खोलीत शिकायला बसशील का, असं विचारलं. मी व्हय म्हणून गेले, मराठीतच. त्या समजल्या. खुर्चीवर येऊन बसले तेव्हा डोळे भरून आले होते, आणि ते सांगायला त्या शहरात कुणी नव्हतं.

अण्णा आता ईटच्या खोलीत राहतात. दादा ट्रकवर जातो. फोन केला की अण्णा विचारतात जेवलीस का, मी व्हय म्हणते.

पण एक गोष्ट मी वर्गात सांगितली नाही, दादाशीही बोलले नाही. त्याच दिवशी, तळ उठवल्यावर, फाट्यावर एसटी धरायला आम्ही तिघं चालत निघालो. हायवेच्या कडेनं. दादा पुढं डोक्यावर वाघूर घेऊन, मधे मी, मागं अण्णा. मी मनात म्हणत होते, आता ह्या दोघांचं नि माझं काय उरलं, तीन माणसं, तीन दिशांना जाणारी. तेवढ्यात मागनं ट्रक आला. हॉर्न नव्हता, नुसता आवाज वाढत आला. आणि माझ्या पाठीशी अण्णांनी जिभेच्या शेंड्यानं टाळूवर तो आवाज काढला, मेंढरांना रस्त्यावरनं बाजूला घ्यायचा, “ट्र्र्र्र हेऽ, हेऽ हेऽ.” काठी जमिनीवर दोनदा आपटली.

दादा कडेला सरला. मी कडेला सरले. ट्रक धूळ उडवत निघून गेला.

आम्ही कुणीच मागं वळून बघितलं नाही. अण्णांनी घसा खाकरला, पुन्हा तोच आवाज काढला, या खेपेला हळू, आणि आम्ही दोघं त्यांच्या पुढं पुढं चालत राहिलो.